अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच नसतो, शेठ!

आज सकाळी कुरिअरवाला पार्सल देऊन गेला. दीड महिना वाट पाहत होतो. खोका फाडला, आत हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. खिडकीशी उजेडात धरलं आणि सिलिंडरची भोकं मोजली. तीन. परत मोजली, कारण हल्ली चष्म्याचा नंबर वाढलाय. तीनच. अरे, माझ्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला सिलिंडर चार आहेत! चार! फोनवर सांगितलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं, हेड काढलेल्या ब्लॉकचा फोटो पाठवला होता. त्या फोटोवर या पार्ट विकणाऱ्या भल्या माणसाने अंगठा टाकला होता.

फोन केला तर म्हणतो, "दादा, तुम्ही २७५ म्हणालात ना? मग हे २७५चंच आहे. बसवून घ्या कोणाकडून तरी."

बसवून घ्या! चार सिलिंडरच्या इंजिनावर तीन भोकांचं गॅस्केट बसवून घ्या!

हे २७५ प्रकरण एकदा सांगूनच टाकतो, म्हणजे माझं डोकं का फिरलंय ते कळेल. दोन वर्षं मी दुरुस्त करतोय तो आमच्या आजोबांचा ट्रॅक्टर इंटरनॅशनल बी-२७५. १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, तिचं हे लाल धूड. चार सिलिंडर, २३६० सीसी, पस्तीसच्या आसपास एचपी. थंड असताना चालू करायला आधी हीटर प्लग तापवायचे, मग चावी. आणि बनायचं कुठे? कांदिवलीला! म्हणजे घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून घोडबंदर रोड, की आलंच याचं माहेर. पुढे १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली, पण २७५ हा आकडा काही मेला नाही. आजही २७५ डीआय विकली जाते. ती चांगली गाडी असेल, माझं काही म्हणणं नाही, पण ती तीन सिलिंडरची, २०४८ सीसीची, वेगळ्याच इंजिनाची. आजोबा आणि नातू यांचं आडनाव एक असलं म्हणून आजोबांची कवळी नातवाला बसते का?

कंपनीवर माझा राग नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे सील आणि वायसर गोदामात जपून ठेवा असं मी कोणाला सांगणार नाही. राग आहे तो मधल्यांवर. न बघता "आहे" म्हणणाऱ्यांवर. एखाद्या दुकानदाराने "नाही आमच्याकडे" म्हटलं ना, तर मी त्याच्या पाया पडायला तयार आहे. दोन वर्षांत असे फक्त तीन भेटले. बाकी सगळ्यांकडे सगळं असतं. फक्त फोटो मागितला की इंग्लंडच्या कुठल्या तरी वेबसाइटवरचा फोटो येतो, कोपऱ्यातला वॉटरमार्क अर्धवट कापलेला.

आता बोल्टची गोष्ट ऐका. गिअरबॉक्सच्या कव्हरचे दोन बोल्ट गंजून गेले होते. साधे, अर्ध्या इंचाचे. म्हटलं, हे तरी नाक्यावर मिळतील. हार्डवेअरच्या दुकानात जुना बोल्ट काउंटरवर ठेवला. शेठने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मागच्या डब्यातून दोन काढले, आपटले. "अर्धा इंच." मी म्हटलं, आटे जुळवून बघा. तर म्हणाला, "अहो, अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच!"

नसतो, शेठ! हाताने दोन आटे सुरळीत गेले, तिसऱ्याला अडकला. आमचे मिस्त्री तात्या जेवायला गेलेले आणि त्यांचा पोऱ्या जोशात. त्याला वाटलं भोकात घाण आहे. पान्याला पाइप लावून दिला हिसका. टक्‌. बोल्टचं मुंडकं पान्यात, धड बिडाच्या हाउसिंगमध्ये.

तात्यांनी जेवून आल्यावर जुना आणि नवा बोल्ट शेजारी शेजारी धरले, आटे आट्यांत घालून. सुरुवातीला जुळतात आणि मग हळूहळू एकमेकांवर चढायला लागतात, रुळांवरून घसरलेल्या डब्यासारखे. जुन्याला इंचात तेरा आटे, नव्याला बारा. जुना यूएनसी, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या आट्यांचा, नवा व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी पद्धतीचा. बाकीच्या बऱ्याच मापांत या दोघांचे आटे इंचाला सारखेच असतात, म्हणून ढकलाढकली खपून जाते. नेमकं अर्ध्या इंचाला बारा-तेराचा फरक. आटा कापायचा कोनही वेगळा, एकाचा साठ अंश, दुसऱ्याचा पंचावन्न. आणि ज्यांना हेही नको ते एम-१२ हातात देतात, म्हणजे १२ मिलीमीटर, जिथे आपल्याला १२.७ पाहिजे. तो सळसळत आत जातो आणि घट्टच होत नाही.

तुटलेलं धड काढायला रबाळ्याच्या एमआयडीसीतला वेल्डिंगवाला आणला. त्याने तुटक्या तोंडावर नट ठेवून आतून वेल्ड मारला, लालबुंद असतानाच थोडं उलटं, थोडं सुलटं करत बाहेर काढला. कलाकार माणूस. त्याने घेतलेल्या पंधराशे रुपयांचं मला अजिबात दुःख नाही. वीस रुपयांचा बोल्ट न बघता देणाऱ्या त्या शेठचं आहे.

शेवटी वाशीला गाडी बदलून मस्जिद स्टेशनला उतरलो, नागदेवीच्या गल्लीत हिंडलो. एका अंधाऱ्या खोपटात एक म्हातारे काका बसले होते. त्यांनी खिशातून आटे मोजायचा पिच गेज काढून बोल्टवर ठेवला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "तेरा. यूएनसी. किती नग?" मला तिथेच रडू यायचं बाकी होतं. असा माणूस अख्ख्या नवी मुंबईत मला भेटलेला नाही, आणि इथे मैलोन्‌मैल कारखाने आहेत हो! तुर्भे, पावणे, महापे, रबाळे. रॉकेटचे पार्ट बनवतील, पण आटे मोजणार नाहीत.

नगांवरून आठवलं. लुधियानाला फोन लावला होता, किंग पिन (ज्यांवर पुढची चाकं वळतात) आणि त्यांचे बुश हवे होते. माणूस खरंच माहितगार, मॉडेल बरोबर ओळखलं. म्हणाला, बनवून देऊ, कमीत कमी पंचवीस सेट घ्या. पंचवीस! माझ्याकडे ट्रॅक्टर एक आहे, त्याला पुढची चाकं दोन आहेत. उरलेल्या चोवीस सेटचं मी काय तोरण बांधू? शेवटी पावण्यातल्या एका लेथवाल्याकडून गनमेटलचे बुश करून घेतले. तोही पहिल्यांदा मापं न घेताच "करतो, करतो" म्हणत होता. मी त्याच्या डोक्यावर उभा राहून व्हर्नियर लावायला लावला.

डायनामोचं तर बोलायलाच नको. ज्याला विचारावं तो म्हणतो अल्टरनेटर टाका. रेडिएटरवाला म्हणतो तांब्याचा कोर सोडा, अ‍ॅल्युमिनियमचा टाका. मीटरवाला म्हणतो डिजिटल टाका. असंच करत गेलो तर शेवटी आजोबांचं काय उरणार, नंबर प्लेट?

आणि सगळ्यात जास्त आग कशाने होते सांगू? भंगारवाल्यांनी. मुंब्र्यापासून तळोज्यापर्यंत एक गोडाऊन सोडलं नाही. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य: "अरे, मागच्याच महिन्यात एक गेला ना!" गेला म्हणजे गॅसकटरने तुकडे होऊन, किलोवर. ज्या गिअरबॉक्सच्या एका दात्यासाठी मी दोन वर्षं वणवण करतोय, तो याच्या दारातून वितळायला गेला. एकाने तर कटर मारलेल्या हाउसिंगचा फोटोही दाखवला मोबाइलवर, कौतुकाने. बाजूला आख्खा पीटीओ शाफ्ट, म्हणजे मागे जोडलेली अवजारं फिरवणारा दांडा, पडलेला दिसत होता. मी विचारलं, हा कुठे आहे? "तोपण गेला." मी नंबर देऊन ठेवलाय, आला तर फोन करा. कोणीही करत नाही. त्यांना किलो कळतो.

घरचे वेगळंच डोकं खातात. काका रोज येता-जाता म्हणतो, "बाला, इकून टाक तो भंगार." शेजाऱ्यांना ताडपत्रीखालच्या जागेत स्कूटर लावायच्या आहेत. त्यांचंही खरं आहे, गावठाणात जागा कुठे उरलीय. पण हा ट्रॅक्टर शेतात फारसा चाललाच नाही. सिडको आली, जमिनी गेल्या, आणि त्यानंतर आजोबांनी हा जुना घेतला तो ट्रॉली लावून भराव टाकायला. ज्या खाचरांत भात पिकायचा तीच खाचरं बुजवायला माती, विटा, खडी वाहिली याने. त्यांनी ते कसं केलं असेल हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्याच भरावावरच्या सोसायटीतून परवा वॉचमन सांगायला आला की तुमच्या ट्रॅक्टरचं ऑइल गटारात येतंय.

येतंय, कारण मागच्या अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलंय! आणि ते इंचाच्या मापाचं आहे! आणि मिलीमीटरमधलं "जवळपास तेवढंच" असलेलं सील मला आजवर चार जणांनी विकलंय! चारही ड्रॉवरमध्ये आहेत, हवी असतील तर घेऊन जा.

तीन भोकांचं गॅस्केट खिळ्याला टांगून ठेवलंय. परत पाठवायचं तर म्हणे पाकीट फोडल्यावर परत घेत नाहीत. न फोडता भोकं कशी मोजायची, ते विचारलं, तर त्याने फोन ठेवला.

हे लिहिता लिहिता मोबाइल वाजला. दोन महिन्यांपूर्वी ज्याला विचारून ठेवलं होतं असा एक स्पेअरवाला. "दादा, २७५चं हेड गॅस्केट आलंय. पाठवू का?"

मी लिहिलं, "किती सिलिंडरचं?"

निळी टिक आली. बराच वेळ टाइप करत होता.

"तुम्हाला कितीचं पाहिजे?"