प्लगचा बूट अडकला म्हणून वायरीला झटका देऊ नका

एक सल्ला सध्या जिकडेतिकडे फॉरवर्ड होतोय. गाडीचा स्पार्क प्लग बदलताना त्याच्यावरचा बूट, म्हणजे वायरीच्या टोकाची रबरी टोपी, निघत नसेल तर इंजिन गरम असतानाच गंज सोडवायचा स्प्रे मारा, पक्कडीत वायर धरा आणि एक जोरदार झटका द्या, तरी नाही निघाला तर खालून स्क्रूड्रायव्हर घालून उचका, आणि नवीन बसवताना ग्रीस अजिबात लावू नका कारण ग्रीसने करंट अडतो. पाच गोष्टी सांगितल्यात आणि त्यातली एकच अर्धीमुर्धी खरी आहे. लोक हे वाचून गाडीचं बॉनेट उघडतात म्हणून लिहितोय.

आधी झटक्याचं घेतो, सगळ्यात जास्त वाट त्यानेच लागते. बूट अडकतो म्हणजे काय होतं? प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर रबर घट्ट बसलेलं असतं, इंजिन तापतं निवतं, परत तापतं निवतं, असं हजारो किलोमीटर झालं की रबर तिथे चिकटूनच बसतं. इरिडियमचे प्लग तर लाखभर किलोमीटर चालतात, म्हणजे तितकी वर्षं त्या बूटला कोणी हातही लावलेला नसतो. पकड आहे ती खाली, रबर आणि चिनीमातीच्या मधे, आणि आपण ओढतोय वरून वायरीला. बऱ्याचशा प्लग वायरींच्या आत तांब्याची तार नसतेच, कार्बन मुरवलेल्या धाग्यांचा गाभा असतो, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून मुद्दाम रेझिस्टन्सवाला ठेवलेला. तो ओढाताण सोसायला बनवलेलाच नाही.

मी हे स्वतः करून बसलोय. तिसऱ्या सिलिंडरची वायर ओढली, आतून बारीक टक् असा आवाज आला आणि वायर हातात आली, मला वाटलं सुटलो. टॉर्च मारून खाली बघतो तर धातूची क्लिप प्लगच्या डोक्यावर तशीच बसलेली आणि भोवती फाटलेल्या रबराचा नळा. तरी हे बरं, कारण डोळ्याला दिसलं तरी. खरा त्रास होतो जेव्हा आतला गाभा तुटतो आणि बाहेरून वायर चांगली दिसते, मग नवे प्लग टाकूनही गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर मधेमधे पेटतच नाही, आणि माणूस प्लगलाच नावं ठेवत बसतो. शंका असेल तर मल्टिमीटर ओहमवर लावून सगळ्या वायरी मोजा, लांब वायरीचं रीडिंग थोडं जास्त येणारच, पण एखादी ओपन, म्हणजे आतून तुटलेली, दाखवत असेल तर ती गेली.

मग करायचं काय, तर ओढायच्या आधी फिरवायचं. वायर नाही, बूटचा जाड भाग धरायचा आणि डावीकडे उजवीकडे थोडं थोडं पिळायचं. सुरुवातीला रबर नुसतं पिळवटतं, जागचं हलत नाही, आणि मग एका क्षणी अख्खा बूट मोकळा फिरायला लागतो, ते हाताला बरोबर कळतं. तेव्हा सरळ वर ओढायचा, तिरका नाही. बूट खोल असेल, बोटं पोचत नसतील तर बूट पुलर मिळतो, तो बूटलाच धरतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (स्पार्कसाठी जास्त व्होल्ट तयार करणारा भाग) असलेल्या गाडीत आधी कनेक्टर आणि बोल्ट काढा, मग कॉइलच जराशी इकडेतिकडे फिरवा. बूट फाटून खाली राहिला तरी घाबरू नका, बऱ्याच कॉइलींचा बूट आणि आतली स्प्रिंग वेगळी मिळते.

आता स्प्रे. हे बूट बहुतेक सिलिकॉन रबरचे असतात आणि पेट्रोलियमचं तेल लागलं की सिलिकॉन फुगतं, मऊ पडतं. म्हणजे जो बूट सोडवायचाय तोच आणखी गच्च होणार, वर सगळं तेल प्लग ज्या खड्ड्यात बसतो तिथे त्याच्याभोवती साचणार. त्यापेक्षा बारीक नळीने बूटच्या काठाखाली हवा मारा, रबर सुटायला खरंच मदत होते. हवा मारताना चष्मा घाला, खड्ड्यातली सगळी माती तोंडावर येते.

गरम इंजिनचा मुद्दा अर्धा खरा म्हणालो तो हाच. कोमट असताना रबर जरा नरम असतं, बूट सुटायला सोपं जातं. पण हात भाजेल इतकं गरम नको, आणि प्लग तर गरम हेडमधून, म्हणजे इंजिनच्या ज्या वरच्या भागात तो बसतो तिथून, खोलायचाच नाही, अॅल्युमिनियमचे आटे प्लगसोबत ओरबाडून निघू शकतात. बूट कोमट असताना काढा आणि मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

स्क्रूड्रायव्हरबद्दल जास्त सांगायला नकोच. चिनीमातीला केसाएवढी चीर गेली की स्पार्क टोकाला पडायच्या ऐवजी चिरेतून पळतो, आणि कॉइलचं प्लास्टिक तर नुसतं उचकलं तरी तुटतं.

ग्रीसमुळे करंट अडतो हे ऐकायला पटतं. डायइलेक्ट्रिक ग्रीस इन्सुलेटर आहे हे खरंच आहे आणि म्हणूनच तर ते बूटमधे लावायचं. तिथे वीसेक हजार व्होल्ट आणि त्याच्याही वर जातं, ते रबरच्या कडेने हेडकडे पळू नये हाच तर बूटचा उपयोग. क्लिप प्लगवर बसते तिथे धातूला धातू दाबून लागतो, मधलं ग्रीस बाजूला सरकतं. बूटच्या तोंडाशी आतून पातळसा थर पुरे, गच्च भरायचं नाही. मात्र चाकाचं किंवा साधं ग्रीस नको, ते पेट्रोलियमचंच.

रबराचा तुकडा खाली राहिला असेल तर प्लग खोलायच्या आधी लांब चिमट्याने काढा, नाहीतर तो सरळ सिलिंडरमधे जाईल. वायरी एकेक करूनच काढा, अदलाबदल झाली तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमधे स्पार्क पडायचा क्रम, बिघडते. आणि निघालेला बूट फेकायच्या आधी उजेडात धरून आतून बघा. तेलकट असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लगच्या नळीचं सील गळतंय, ते बदललं नाही तर नवा बूटही तसाच फुगेल आणि पुढच्या वेळी परत अडकेल. आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर स्पार्क तिथून पळत होता, मग बूट कितीही धड दिसला तरी परत बसवू नका.