६५–७ च्या रात्री आम्ही टीव्ही बंद केला नाही

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाची टीम पेन स्टेटकडून ३८–१० अशी हरली. मध्यंतरालाच २८–० झालं होतं. सामना संपायच्या आत आमच्या इथल्या एका मराठी ग्रुपवर मेसेज पडला, "ह्या असल्या टीमना प्लेऑफमध्ये घेतातच कशाला? टीसीयूचं ६५–७ विसरले का?" खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मी उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, ग्रुपवर टाकण्यासारखं राहिलं नाही, म्हणून इथे लिहितेय. जानेवारी २०२३ मध्ये टीसीयू राष्ट्रीय फायनल जॉर्जियाकडून ६५–७ ने हरली, आणि तो आकडा माझ्या घरातला आहे. तो कुणी सहज फेकला की मला लागतो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा तो. प्लेऑफ म्हणजे मोसमाअखेर एक समिती मोजके संघ निवडते आणि त्यांच्यात राष्ट्रीय विजेता ठरतो, ती बाद फेरी. टीसीयू म्हणजे फोर्टवर्थची टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी. टेक्सासच्या मानाने लहान, साधारण बारा हजार मुलांची. जांभळा रंग, आणि टीमचं नाव हॉर्न्ड फ्रॉग्ज. नावात बेडूक असला तरी तो प्राणी खरं तर सरडा आहे, अंगावर काटे असलेला, डोक्याला शिंगं असलेला. जिवावर बेतलं की डोळ्यांतून रक्ताची चिळकांडी मारतो. तर्जनी आणि मधलं बोट अर्धवट वाकवून हात वर करायचा, ही त्यांची खूण. आमची लेक २०२२ साली तिथे तिसऱ्या वर्षाला होती. ती खूण आम्ही दोघं नवराबायको तिच्याकडूनच शिकलो.

त्या मोसमाकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती. आदल्या वर्षी पाच जिंकलेले, सात हरलेले. वीसेक वर्षं ज्यांनी संघ उभा केला ते कोच, गॅरी पॅटरसन, मोसमाच्या मध्यातच गेलेले. त्यांचा पुतळा मात्र स्टेडियमपाशी उभा. नवे कोच सनी डाइक्स आले तेही नेमके शेजारच्या एसएमयूमधून. मोसमाआधीच्या अंदाजात टीसीयूला लीगच्या दहा संघांत सातवा नंबर दिला होता. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चढाई चालवणारा, मॅक्स डगन तर पहिल्या सामन्यात राखीव होता. त्याच्या आधी निवडलेल्याला दुखापत झाली म्हणून हा मैदानात उतरला.

ह्या मुलाबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २०२० मध्ये कोविडच्या तपासण्यांत त्याच्या हृदयात जन्मापासूनचा दोष सापडला. नऊ तासांची शस्त्रक्रिया झाली, मग रक्ताची गुठळी निघाली म्हणून तातडीने दुसरी. त्याच वर्षी तो परत खेळायला उभा राहिला. आणि २०२२ मध्ये ह्या राखीव पोराच्या जोरावर टीसीयूने बारापैकी बारा सामने जिंकले. बेलरच्या सामन्यात तर घड्याळ पळतंय, हातात एकही टाइमआउट नाही, किक मारणारी अख्खी तुकडी बाहेरून धावत आत आली, कसेबसे जागेवर उभे राहिले आणि वेळ संपता संपता चेंडू खांबांमधून मारून फील्ड गोल. २९–२८. लेकीने फोन केला तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नुसता आवाज येत होता.

३ डिसेंबरला आर्लिंग्टनला लीगची फायनल होती, कॅन्सस स्टेटशी. तिकिटं महाग होती तरी आम्ही गेलो. शेवटच्या क्वार्टरमध्ये अकरा गुणांनी मागे असताना ह्या पोराने आधी अंतर कमी केलं आणि मग ऐंशी यार्डांची चढाई जवळजवळ एकट्याने पळून काढली. पळून झालं की गुडघ्यावर, पुन्हा उठला, पुन्हा पळला. टचडाउन केल्यावर तो तिथेच खाली बसला, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती. माझ्या मनात सारखं एकच: ह्याच्या आईचं आत्ता काय होत असेल? बरोबरी झाली, जादा वेळात ३१–२८ ने हरले. पत्रकारांसमोर तो रडला. तरीही संघ प्लेऑफमध्ये गेला, आणि ३१ डिसेंबरला तोपर्यंत एकही सामना न हरलेल्या मिशिगनला ५१–४५ ने हरवून फायनलला पोहोचला. टेक्सासचा प्लेऑफ खेळलेला हा पहिलाच संघ. २०१४ मध्ये ह्याच टीसीयूने शेवटचा सामना ५५–३ ने जिंकला आणि तरी समितीने त्यांना तिसऱ्यावरून सहाव्यावर ढकलून बाहेर ठेवलं होतं. इथली माणसं ते अजून विसरलेली नाहीत.

आणि मग ९ जानेवारी २०२३. लॉस एंजेलिसजवळचं सोफाय स्टेडियम, समोर जॉर्जिया.

आमच्या घरी सोळा-सतरा माणसं. चिवडा, पावभाजी, जांभळे टीशर्ट. पहिल्या क्वार्टरमध्ये एकदा १०–७ झालं. डगन स्वतः चेंडू घेऊन आत घुसला तेव्हा आमच्या घरातली भिंत हादरली असेल. पुढचे सगळे गुण जॉर्जियाचे. १७, २४, ३१, मध्यंतराला ३८. पंचावन्न गुण लागोपाठ. जॉर्जियाने ५८९ यार्ड काढले, टीसीयूने १८८. पावभाजीच्या तव्यापाशी उभी राहून मी बाहेरचा आवाज ऐकत होते, आणि तो आवाज येईनासा झाला. मध्यंतरात पाच-सहा जण उठले, उद्या ऑफिस आहे म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. लेक मात्र जमिनीवर सोफ्याला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, आणि टीशर्टच्या बाहीचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. गुंडाळायची, सोडायची. नवऱ्याने हळूच रिमोट उचलला. ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, नको. ते अजून खेळतायत."

आम्ही शेवटपर्यंत बघितलं.

त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस फॅन लोक जे बोलले, त्यातल्या काही गोष्टींशी माझं भांडण आहे.

पहिली तक्रार आमच्याच लोकांची होती: जॉर्जियाने एवढं मारायला नको होतं, जिंकलात ना, मग थांबा. मला हे अजिबात पटत नाही. माझे बाबा कोल्हापूरचे, खासबागेत कुस्त्या बघत वाढलेले. मी त्यांना फोनवर स्कोअर सांगितला तर म्हणाले, "निकाली झाली म्हणायची. बरं झालं. समोरच्यानं हात ढिला सोडला असता तर तो जास्त अपमान." खरंच आहे. जॉर्जियाने चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच आपला क्वार्टरबॅक बाहेर काढला, राखीव पोरं घातली. त्या पोरांनी काय करायचं होतं, मुद्दाम चेंडू सोडायचा? तीही वर्षभर ह्याच दिवसासाठी घाम गाळत होती. जॉर्जिया फार फार चांगली होती, हे मान्य करण्यात टीसीयूचा कुठलाही कमीपणा नाही. त्याच्या आदल्या एप्रिलमध्ये एनएफएल ह्या व्यावसायिक लीगच्या निवडीत जॉर्जियाचे पंधरा खेळाडू गेले होते, त्यातले पाच पहिल्या फेरीत, पाचही बचावफळीतले. एवढे गेल्यावरही जो संघ उरतो तो हा असा. दर वर्षी देशभरातल्या शाळांमधून निवडलेली, अंगापिंडाने तयार पोरं तिथे थरावर थर रचून ठेवलेली असतात. टीसीयूकडे पहिली फळी होती, तिच्यामागे फारसं कुणी नव्हतं. त्यांचा मुख्य पळणारा, केंड्रे मिलर, मिशिगनच्या सामन्यात गुडघा दुखावून बसलेला. लांबच्या शर्यतीत हे अंतर झाकलं जातं, एका रात्रीत उघडं पडतं.

दुसरं बोलणं जास्त लागणारं, आणि तेच ग्रुपवर परत आलं: ह्यांची तिथे असायची लायकीच नव्हती. मग कुणाची होती? मिशिगनची? ते समोरासमोर हरले होते. जागा कुणी ओंजळीत घालून दिलेली नव्हती. एकाच रात्रीचा निकाल घेऊन आदल्या चौदा सामन्यांवर बोळा फिरवायचा हा कुठला न्याय? आणि ज्या नावाजलेल्या संघांना बोलावलं की ही शंका कुणी काढत नाही, ते संघही ह्या प्लेऑफमध्ये दणकून हरलेले आहेत. ज्या दिवशी एसएमयू हरली त्याच रात्री टेनेसी ओहायो स्टेटकडून ४२–१७ ने हरली. टेनेसीला का बोलावलं असं आमच्या ग्रुपवर कुणी विचारलं नाही. मोठा हरला की त्याचा दिवस वाईट, लहान हरला की त्याची लायकी काढायची.

तिसरी गोष्ट लिहिताना अजून हात थरथरतो. त्या रात्री डगनचे दोन पास जॉर्जियाच्या हातात गेले. महिनाभरापूर्वी ज्याला देव केलं, कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइसमन ट्रॉफीच्या मतदानात तो दुसरा आला म्हणून ज्यांनी लाडू वाटले असते, त्याच माणसांनी त्याला जे काही लिहिलं ते मी लेकीच्या फोनवर वाचलं. काही तर थेट त्याच्या आजारावर होतं. मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. कुणी म्हणतं, आता २०२१ पासून ह्या पोरांना स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे जाहिरातींतून पैसे मिळतात, मग बोलून घ्यायची तयारी ठेवावी. पैसे नाव आणि चेहरा वापरण्याचे मिळतात. आईवरून शिव्या खायचे कुणी कुणाला देत नाही. खेळावर बोला ना, खुशाल बोला. पास चुकला म्हणा, कोचचं नियोजन फसलं म्हणा, जॉर्जियाचा तो उंच ब्रॉक बाउर्स सारखा मोकळा कसा सापडत होता ते विचारा. तो राग मलाही होता.

आपल्याकडे हे घडलेलं आहे, म्हणून मला ते जास्त झोंबतं. बाबा तेव्हा मुंबईत बँकेत नोकरीला होते. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून अजित वाडेकर परत आले तेव्हा मिरवणूक बघायला ते रस्त्यावर उभे होते. तीन वर्षांनी, १९७४ च्या जूनमध्ये, लॉर्ड्सवर सगळा संघ ४२ धावांत बाद झाला, सतरा षटकांत. त्यानंतर वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरला १९७१ च्या विजयाची खूण म्हणून उभारलेल्या बॅटीला लोकांनी डांबर फासलं. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनसुद्धा वगळलं आणि त्यांनी खेळ सोडला. बाबा ही गोष्ट सांगताना दर वेळी एका जागी थांबतात. त्यांच्या ऑफिसमधला एक जण मिरवणुकीत त्यांच्या शेजारी उभा राहून हार उडवत होता, आणि १९७४ मध्ये त्यानेच डबा खाताना "बरं झालं दगड मारले" म्हटलं. बाबा त्याच्याशी पुन्हा जेवायला बसले नाहीत.

१० जानेवारीच्या सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला गेले तर समोरचे आजोबा अंगणात होते. टीसीयूचेच जुने विद्यार्थी. त्यांच्या दारातला जांभळा झेंडा रात्री वाऱ्याने काठीला गुंडाळला गेला होता, ते तो एका हाताने सोडवत होते, दुसऱ्या हाताने शिडी धरलेली. मी जाऊन शिडी धरली. काय बोलावं कळेना, म्हणून वाईट झालं म्हटलं. त्यांनी वरूनच सांगितलं की ते कॉलेजात असताना, १९७४ ते ७६ ह्या तीन मोसमांत, टीसीयू तेहतीस सामने खेळली आणि दोन जिंकली. टेक्सासने एकदा ८१–१६ ने धुतलं होतं. त्यांच्या शेवटच्या वर्षी एकही विजय नाही, अकरापैकी अकरा हरले. "आणि काल मी आमच्या मुलांना राष्ट्रीय फायनल खेळताना बघितलं," म्हणाले. डोळे लाल होते. रात्री त्यांनाही झोप लागलेली नव्हती. दुःख झालं नाही असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणणार नाही.

ग्रुपवरच्या त्या भावाला मला हेच सांगायचं होतं. तुम्ही आकडा आठवता. त्या आकड्याच्या आत बाहीचा दोरा बोटाला गुंडाळणारी पोरगी आहे, शिडीवर चढलेला सत्तरीकडे झुकलेला माणूस आहे, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर परत उभा राहिलेला, ५२–७ झाल्यावरही मैदानात उभा असलेला एक मुलगा आहे.

पुढच्या मोसमाचा पहिला सामना २ सप्टेंबर २०२३ ला होता, घरच्या मैदानावर, कोलोरॅडोशी. सकाळी अकराची वेळ, टेक्सासचं ऊन, बाकावर हात टेकवत नव्हता. कोलोरॅडो आदल्या वर्षी बारापैकी एकच सामना जिंकलेली, त्यामुळे हा सहज जिंकू असं सगळे धरून होते. ४५–४२ ने हरलो. त्या मोसमात पुन्हा पाच जिंकले, सात हरले. सामना संपल्यावर आमच्या रांगेतले बरेच जण सावलीसाठी जिन्याकडे पळाले. विद्यार्थ्यांचा कोपरा मात्र भरलेला होता. कॉलेजचं गाणं सुरू झालं. मी दुर्बीण लावून लेकीला शोधलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले, तोच जानेवारीतला टीशर्ट, बाहीची शिवण आता अर्धी उसवलेली, आणि दोन बोटं वाकवून हात वर.