हुतात्मा कुंडीमागे, नगरसेवक ग्रॅनाइटवर

काल भाचीला घेऊन वॉर्डातल्या बागेत गेलो. बेचाळीसच्या चळवळीतल्या हुतात्म्याचा अर्धपुतळा आहे तिथे. "मामा, हे कोण?" म्हटलं, वाच पाटी. पोरीने सोनेरी अक्षरं वाचायला घेतली: माननीय अमुक यांच्या शुभहस्ते, माननीय तमुक यांच्या प्रमुख उपस्थितीत, निधी ह्यांचा, संकल्पना त्यांची, मग उपअभियंते, मग ठेकेदार. दम लागला तिला. आणि पुतळ्याचं नाव? ते खाली, क्रोटनच्या कुंडीमागे, तेही अर्धं ऑइलपेंटखाली. गेला कसा, गोळी लागून की तुरुंगात? अक्षर नाही. अरे, संकल्पना कसली डोंबलाची? मरायची संकल्पना त्या माणसाची स्वतःची होती ना?

कुंडी जरा सरकवली, तर शिट्टी. "ओ काका, हात नाही लावायचा!" बरं, फोटो काढतो. परत शिट्टी. "परमिशन लागते." कुणाची? "ऑफिसात विचारा." ऑफिसला कुलूप. आणि दहा पावलांवर ते 'आय लव्ह'वालं लाल बदामाचं धूड! तिथे अख्खी सोसायटी सेल्फी काढतेय, तिथे परमिशन नको. हे बदाम ज्याच्या डोक्यातून निघाले ना, त्याला एकदा भेटायचंय मला.

दुपारी बागेला टाळं. का, तर लोक येऊन बसतात. मग बाग काय उभं राहायला आहे? जयंतीला शिडी लावून घातलेला हार पुण्यतिथीपर्यंत वाळत लोंबतो. दरवर्षी सोनेरी रंगाचा नवा थर, आता नाक कुठे संपतं आणि मिशी कुठे सुरू होते कळत नाही.

मग माझी गाडी घसरली ती थेट राणीबागेत. काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, १९६५ साली उचलून तिथे नेला. ज्याच्यावरून घारापुरीला एलिफंटा म्हणतात तो दगडी हत्तीही तिथेच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर. साहेब विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना फुटला. तो कोण बघतं? रांग पेंग्विनला!

हे सगळं मी शेजारच्या बाकावर भेळ खाणाऱ्या कुटुंबाला ऐकवलं. त्यांनी बाक बदलला. एव्हाना भाची त्या बदामात चढून बसली होती आणि बायको फोटो काढत होती. "या की तुम्हीपण!" गेलो. फोटोत माझं तोंड उघडं आहे, कारण मी तेव्हाही बोलतच होतो.