वाटेचं नाव सांगू नका म्हणे

शाळेच्या ग्रुपवर एक फोटो आला. कात्रजमागची कुठलीतरी सोंड, पहिला पाऊस होऊन गेलेला, कोवळ्या गवतातून वर गेलेली पायवाट. मी विचारलं, ही वाट कुठून सुरू होते? उत्तर आलं, "सांगणार नाही. नाव फुटलं की रविवारी शंभर गाड्या येतील." त्यावर धडाधड अंगठे. मग आणखी एकाने जोडलं, "आणि तू हाँगकाँगला बसून पत्ता घेऊन करणार काय?"

आठ दिवस झाले, डोक्यातून जात नाही. दुसऱ्या वाक्याकडे नंतर येते. पहिलं जास्त खुपतं, कारण ते लिहिणारी माणसं माझ्याच बाजूची आहेत. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या कडेने बालभारती ते पौड फाटा रस्ता नको म्हणून भांडणारी. दहा मिनिटं वाचवायला टेकडी कशाला खणता, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. आणि तीच माणसं वाटा लपवतात.

मी हाँगकाँगमध्ये लांताऊ बेटावर, तुंग चुंगला राहते. घरातून निघालं की किनाऱ्याने ताई ओ गावापर्यंत साधारण १५ किलोमीटरची जुनी गाववाट आहे. एका हाताला विमानतळ, दुसऱ्या हाताला डोंगर, मध्ये शा लो वान, शाम वाट अशी लहान गावं. वाटेत गायी बसलेल्या असतात, त्यांना वळसा घालून जायचं. या वाटेला नाव आहे, पाट्या आहेत, ती नकाशात आहे. तरी मंगळवारी सकाळी मला मोजून चार माणसं भेटतात. गर्दी सगळी ड्रॅगन्स बॅक या प्रसिद्ध वाटेला. नावामुळे गर्दी होते असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. माझं मत उलट आहे. पुण्याच्या माणसाला सिंहगड, लोहगड, राजमाची अशी पाच-सात नावं माहीत, म्हणून सगळं शहर त्याच पाच-सात ठिकाणी चढतं. बाकीच्या वाटा सांगितल्याच नाहीत तर माणसं जाणार कुठे?

इथे १९७६ साली कंट्री पार्कचा, म्हणजे डोंगर-रानं राखून ठेवण्याचा कायदा झाला, आज सुमारे चाळीस टक्के जमीन संरक्षित आहे. १०० किलोमीटरचा मॅक्लेहोज ट्रेल १९७९ मध्ये खुला झाला. त्यावर दर ५०० मीटरला एक खांब आणि खांबावर नंबर. लांताऊ ट्रेलवरही तसेच. जूनमध्ये माझी मैत्रीण उन्हाने चक्कर येऊन बसली तेव्हा मी ९९९ला, इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फक्त खांबाचा नंबर सांगितला. पुढचं काही समजावावं लागलं नाही. २०१७च्या अखेरीस पायवाटांवरच्या कचरापेट्यासुद्धा काढून टाकल्या. आपला कचरा आपण घरी न्यायचा. आपल्याकडे हे जमणार नाही, असं ग्रुपवर लगेच म्हणतील. आपल्या माणसांविषयी इतकं वाईट मत आपणच का ठेवायचं, ते मला कळत नाही.

नाव माहीत असलं की काय होतं तेही मी इथेच शिकले. मॅक्लेहोजच्या दुसऱ्या टप्प्यावर साई वानचा समुद्रकिनारा लागतो. २०१० साली तिथे खासगी जमिनीवर खोदकाम सुरू झालं आणि शहर खवळलं, कारण हजारो लोकांचे पाय त्या वाळूला लागलेले होते. तीन वर्षांनी ती जागा कंट्री पार्कात घेतली गेली. वेताळ टेकडीचंही तसंच. २०२३च्या एप्रिलमध्ये जे मोर्च्यात उतरले त्यांच्यात रोज सकाळी टेकडी चढणारे कितीतरी होते. आणि २०१३च्या जूनमध्ये पुणे-सातारा हायवेवरच्या शिंदेवाडीला? तिथे फोडलेल्या टेकडीवरून पाणी हायवेवर आलं, त्यात मायलेकी वाहून गेल्या. त्या टेकडीचं नाव तुम्हाला माहीत आहे? मलाही नाही. ती फोडली जात असताना तिच्यासाठी रस्त्यावर कोण उतरणार होतं?

इथे सगळं छान आहे असं नाही. लांताऊच्या सनसेट पीक या डोंगरावर नोव्हेंबरात तुरे आलेल्या गवतात फोटोसाठी इतके लोक घुसतात की गवत जमिनीला टेकतं. गेल्या वर्षी ते बघून मला रडू आलं होतं. ग्रुपवर मी हे लिहिलं नाही. मुद्दा दुबळा झाला असता.

आता दुसरं वाक्य.

गेल्या श्रावणात बाबा वेताळ टेकडीवर घसरले. घोटा सुजला, उठता येईना. त्यांनी दादाला फोन केला, "खाणीच्या अलीकडे, वाकड्या हिवराच्या झाडापाशी बसलोय." दादा पंचवटीकडून चढला आणि वीस मिनिटांत पोचला. मी इकडे ऑफिसला निघालेली, फोन कानाला. विचारत राहिले, कुठला हिवर? किती आत? सांगायला कुणाला वेळ नव्हता, आणि सांगून मला कळलंही नसतं. तेवीस वर्षं कोथरूडला काढली. टेकडीवर गेले ती परीक्षा संपल्यावर मैत्रिणींबरोबर, हनुमान टेकडीच्या देवळापर्यंत. त्यापुढे टेकडी कुठे जाते हे मी कधी पाहिलंच नाही. चालायला मी शिकले ती परक्या गावात, नंबर वाचत.

त्या खाणीच्या वाटेवर खांब असता तर मलाही समजलं असतं बाबा कुठे आहेत. दादाला खांबाची गरज पडली नाही. त्या सकाळपासून हे मला टोचतं आहे. ग्रुपवरच्या त्या प्रश्नाचा इतका राग का आला, तेही बहुधा त्यातच आहे. खांब हवेत असं मी अजूनही म्हणते, आणि जोरात म्हणते. पण ते कुणासाठी मागते आहे, हे आधी इतकं स्पष्ट नव्हतं.

डिसेंबरात तीन आठवडे येते आहे. बाबांना सांगून ठेवलंय, घोटा बरा असेल तर हिवर दाखवायचा. ग्रुपवर पुन्हा एकदा विचारलं, कात्रजची ती सोंड कुठून चढायची. अजून कुणी सांगितलेलं नाही.