नाक दाबून बाळाला दूध पाजू नका

नागपुरात कूलरच्या ताट्या बदलण्याचे दिवस आले की मोबाईलवर एक संदेश फिरू लागतो. ‘बाळ दूध पीत नाही? आजीबाईंचे सहा रामबाण उपाय’ असे त्याचे शीर्षक असते. यंदा तो मला एकाच आठवड्यात तिघींकडून आला आणि त्यांतल्या एकीचे बाळ अवघे वीस दिवसांचे होते. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: आईचे दूध आटले किंवा उष्ण पडले की बाळ ते नाकारते, अशा बाळाला चार-पाच तास उपाशी ठेवावे म्हणजे ते मुकाट्याने पिते, तरीही ऐकले नाही तर नाक दाबून बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या लहान वाटीने, पाजावे, उन्हाळ्यात मधाचे किंवा साखरेचे पाणी द्यावे, गायीचे अथवा शेळीचे दूध निम्मे पाणी घालून सुरू करावे, आणि शेवटी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढावी. पाठवणाऱ्या तिघीही मायेने पाठवतात याची मला खात्री आहे, म्हणूनच या मुद्द्यांना सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

या संदेशात बाळाचे वय कुठेच विचारलेले नाही, आणि माझी पहिली हरकत तीच आहे. चार-पाच महिन्यांचे हसतेखेळते बाळ दोन दिवस छातीपासून तोंड फिरवते, आणि जन्मून तीन आठवडेही न झालेले बाळ दूध ओढेनासे होते, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा पिते. ते पिणे सोडून सुस्त पडून राहत असेल, तर त्यामागे कावीळ किंवा जंतुसंसर्ग असू शकतो, आणि अशा बाळावर घरगुती उपाय करण्यात घालवलेला प्रत्येक तास महागात पडतो. आजारी बाळाची पारख करायला आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवतात, तेव्हा दूध न ओढणे हे धोक्याच्या लक्षणांत मोजायला सांगतात ते याचसाठी.

आता दूध आटल्याचा मुद्दा. बाळंतपणानंतर पाच-सहा आठवड्यांनी छाती पूर्वीसारखी भरून येत नाही, मऊ राहते. याचा अर्थ दूध संपले असा नसून बाळाला लागते तेवढेच दूध तयार करण्याची सवय शरीराला झाली, असा आहे. पिळून वाटीत किती निघते, यावरूनही दुधाचा अंदाज येत नाही, कारण बाळ हातापेक्षा किंवा पंपापेक्षा पुष्कळ चांगले ओढते. सुरुवातीचे दूध पातळ, निळसर दिसते आणि पुढे त्यात स्निग्धांश वाढत जातो. ते पातळ दिसते म्हणून निकस ठरवण्याचे कारण नाही. दूध ‘उष्ण पडणे’ असेही काही नसते. बाळाला पुरते की नाही हे पाहायचे असेल तर पहिला आठवडा उलटल्यावर दिवसरात्रीत किमान सहा वेळा चांगली लघवी होते का ते मोजावे आणि अंगणवाडीत वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावरची रेघ वर चढते आहे का ते बघावे. साधारण पाचव्या महिन्यापर्यंत जन्मवजन दुप्पट होते आणि त्यानंतर वाढीचा वेग मंदावतो, हे ठाऊक नसल्यामुळे अनेक घरांत ठणठणीत बाळाच्या आईला उगाच बोल लावला जातो.

मग दूध असूनही बाळ तोंड का फिरवते? नाक चोंदले असेल तर त्याला एकाच वेळी ओढणे आणि श्वास घेणे जमत नाही. कान दुखत असेल तर गिळताना कळ येते आणि ते दोन घोट घेऊन किंचाळत मागे सरते. तोंड आले असेल तर जिभेवर आणि गालांच्या आत पांढरे डाग दिसतात, जे ओल्या फडक्याने पुसले तरी जात नाहीत. दात येताना हिरड्या ठणकतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात तर बाळाला जगाचे इतके कुतूहल वाटू लागते की दाराची कडी वाजली तरी ते पिणे सोडून मान वळवते.

माझ्या मुलीने साडेचार महिन्यांची असताना ऐन एप्रिलमध्ये दोन दिवस दूध नाकारले. मी पदर बाजूला केला की ती आधी झेपावायची, मग नाक आक्रसून, पाठीची कमान करून रडायची. घरात सगळ्यांनी सगळे सुचवून झाले. शेजारच्या काकू मायेनेच म्हणाल्या, “अवं, नाक दाबलं का तोंड उघडते, पोरी.” दुसऱ्या रात्री ती अर्धवट झोपेत असताना, मी नुकतीच अंघोळ करून आलेली असताना, तिने पोटभर दूध घेतले आणि सकाळी पुन्हा तोंड फिरवले. या दोन वेळांत फरक कशाचा, हे शोधताना माझ्या ध्यानात आले की घामोळ्यांसाठी आणलेली थंडगार, झणझणीत वासाची पावडर मी तीन दिवसांपासून गळ्यापासून छातीपर्यंत थापत होते. ती बंद केली, छाती साध्या पाण्याने धुतली, कूलरच्या घरघरीपासून दूर मागच्या खोलीत बसून पाजले, आणि संध्याकाळपर्यंत मुलगी पूर्ववत पिऊ लागली. पावडर, आवाज आणि तिचे वय यांपैकी कशाचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही. मात्र तिला उपाशी ठेवून किंवा नाक दाबून त्यांतले एकही कारण दूर झाले नसते.

उपाशी ठेवण्याच्या सल्ल्यात एक गैरसमज आहे. रडणे ही भुकेची पहिली नव्हे, तर शेवटची खूण असते. मुठी चोखणे, ओठ चाटणे, गालाला बोट लागताच तोंड वळवणे या तिच्या आधीच्या खुणा आहेत आणि पाजण्याची खरी वेळ तेव्हाच असते. भुकेने कासावीस झालेल्या बाळाला छातीला नीट धरताही येत नाही. शिवाय छाती रिकामी होत नाही तेव्हा गाठी धरतात, ताप येतो आणि पुढचे दूध खरोखर कमी होते. म्हणजे जे आटल्याची भीती घातली, ते या उपायानेच आटते. बाळ पीत नसेल त्या काळात आईने दर तीन तासांनी दूध हाताने काढावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. खोलीत काढून ठेवलेले दूध चार तास टिकते हा हिशेब 25 अंशांपर्यंतच्या खोलीचा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि कूलर लावूनही घर तेवढे गार होत नाही, तेव्हा काढलेले दूध लगेच पाजावे किंवा थेट फ्रिजच्या आतल्या भागात ठेवावे.

नाक दाबण्याविषयी मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही. लहान बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. ते दाबले की तोंड उघडते ते दुधासाठी नव्हे, श्वासासाठी, आणि नेमक्या त्याच क्षणी बोंडल्यातले दूध ओतले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यातून जागीच गुदमरणे किंवा पुढे न्यूमोनिया होणे, दोन्ही शक्य आहे. बोंडल्याचा यात दोष नाही. बाळाला जवळजवळ बसते धरून, ओठांशी थेंब टेकवून आणि प्रत्येक घोट गिळेपर्यंत थांबून पाजले, तर ते बाटलीपेक्षा चांगले साधन आहे, मात्र ते रोज उकळून घ्यावे लागते. जबरदस्तीचा दुसरा परिणाम हळूहळू दिसतो. हात धरून, मान आवळून पाजलेले बाळ पुढे गळ्याशी लाळेरे बांधताच रडू लागते आणि जागेपणी थेंबही न घेता फक्त झोपेत पिते. कानदुखी चार दिवसांत बरी होते, पण ही धास्ती कित्येक आठवडे राहते. बाळाने मान वळवली की थांबावे, त्याला उभे धरून फिरवावे, उघड्या अंगाने छातीशी नुसतेच निजवावे आणि पेंग आल्यावर अंधाऱ्या, शांत खोलीत पुन्हा विचारावे. दिवसातून दहा वेळा विचारावे लागले तरी चालेल, भाग मात्र एकदाही पाडू नये.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे फार पटतो, कारण नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, मोठ्यांचाच घसा कोरडा पडतो. पण आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असते, आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने, उष्ण प्रदेशातसुद्धा, आईच्या दुधाशिवाय पाणीही देऊ नये असे सांगते. उन्हाळ्यात बाळ अनेकदा थोडे थोडे आणि वारंवार पिते. पाच मिनिटांत सोडले म्हणजे नाकारले असे समजू नये. आधी पाण्याने पोट भरले तर दूध मागे पडते, आणि पाणी जास्त झाले तर रक्तातले सोडियम उतरून झटके येऊ शकतात. पाण्याचा तांब्या आईच्या उशाशी हवा. मधाबद्दल तर शंकेला जागाच नाही: त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, घरच्या उकळण्याने ते मरत नाहीत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ते अंगशिथिलतेपासून श्वास बंद पडण्यापर्यंत नेऊ शकतात. गुटी मधात उगाळण्याची रीतही याच कारणाने सोडावी.

सहा महिन्यांच्या आत गायीचे दूध नको, कारण त्यात लोह अगदी कमी आणि प्रथिने व क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपणार नाहीत इतके असतात. शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्वही अत्यल्प असते. निम्मे पाणी घातल्याने लोह वाढत नाही, उलट पोषण निम्मे होते. डॉक्टरांनी डब्याचे दूध सांगितलेच असेल, तर पावडर आणि पाण्याचे डब्यावर छापलेले प्रमाण उन्हाळा म्हणून बदलू नये. या संदेशाच्या तळाशी एका डब्याचे चित्रही चिकटवलेले असते. आपल्या देशात 1992 च्या कायद्याने अशा दुधाच्या आणि दूध पाजण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, एवढे ते पुढे पाठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

दृष्ट काढल्याने बाळाचे काही बिघडत नाही, फक्त ती काढून झाल्यावर निर्धास्त होऊ नये. मिरच्यांचा धूर मात्र बाळाच्या खोलीत करू नये.

आठ तास लघवी न होणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे, हिरवी उलटी, धापा टाकणे, पिताना कपाळाला घाम फुटणे, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असणे, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. टाळू खोल गेली की आपल्याकडे तिच्यावर तेल थापतात. ती खोल जाते शरीरातले पाणी कमी झाल्याने, आणि तेलाने ते भरून येत नाही. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही दोन्ही शासकीय रुग्णालये रात्रीही उघडी असतात.

त्या वीस दिवसांच्या बाळाच्या आईला मी संदेशाचे उत्तर संदेशाने दिले नाही. फोन करून सकाळपासून किती वेळा लघवी झाली ते विचारले. दोनदा, असे ती म्हणाली, आणि तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बाळाला घेऊन आत्ताच निघ, नाक दाबायला कोणी पुढे आले तर हात धर, आणि रिक्षात बसल्यावर मला कळव, असे तिला सांगितले.