जेलच्या पाकिटांआधी मनुका बघा

सायकलवर असताना काय खावं, यावरच्या तुमच्या लेखात लांबच्या राईडसाठी एनर्जी जेल (पाकिटातला घट्ट, गोड पाक) आणि प्रोटीन बार सुचवलेत. नवीन मंडळींना त्यामुळे उगाच वाटतं की हा पैसेवाल्यांचा छंद आहे. तसं अजिबात नाही. स्नायूंमध्ये साठलेली साखर दीड-दोन तास जोरात पॅडल मारलं की संपत येते, म्हणून त्याहून लांबच्या राईडमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. एक मध्यम केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम, आणि मूठभर मनुकाही जवळपास तेवढंच देतात. द्राक्षांच्या नाशिकात राहून आपण परदेशी पाकिटं का शोधायची? मनुका जर्सीच्या मागच्या खिशात राहतात, सायकल न थांबवता चार-चार तोंडात टाकता येतात.

निघण्याआधी तास-दीड तास पोहे किंवा गूळ-पोळी पुरे. मिसळ मात्र परतल्यावरच! तर्री आणि मोड आलेली मटकी पचायला वेळ लागतो, चढावर पोट डचमळतं.

नाशिकहून सायकलने सापुताऱ्याला जाणाऱ्यांना कळकळीने सांगते, वाटेतल्या वणीपर्यंत भूक लागत नाही म्हणून काहीच न खाता जाऊ नका. पुढे हातगडच्या चढाला पाय एकदम गळतात आणि तेव्हा खाऊन लगेच उपयोग होत नाही. पहिल्या तासापासूनच थोडं थोडं खात राहा. उन्हाळ्यात एका बाटलीत साधं पाणी, दुसऱ्या बाटलीत लिंबू-मीठ-साखर. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, लेखात तो मुद्दा यायलाच हवा होता.