रात्री दोनचा वास: बडोदेकरांसाठी काही सूचना

रात्री दोनच्या सुमारास सडक्या अंड्यांच्या वासानं जाग आली, तर सगळ्यात आधी नवऱ्याला उठवू नका. तो अर्धवट झोपेत "गॅस बंद केलास ना?" एवढं विचारून कूस बदलणार. त्यापेक्षा स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी हुंगून या. बाथरूमची जाळी बघा. फ्रीज उघडून परवाची कोबीची भाजी टाकून द्या, बिचारीचा काही दोष नसला तरी. आपलं घर निर्दोष आहे हे पुरतं सिद्ध होईपर्यंत पश्चिमेच्या, कारखान्यांकडच्या खिडकीकडे संशयानं बघायचं नाही. सभ्य माणसं असंच करतात.

मग दारंखिडक्या लावा आणि फटींत ओला टॉवेल कोंबा. घरात दम्याचं माणूस असेल तर पंप उशाशी ठेवा. आमच्या सासूबाई गेल्या आठवड्यात पहाटेपर्यंत पलंगावर बसून होत्या. त्यांना आडवं होता येईना आणि आम्हाला खिडकी उघडता येईना.

हिवाळ्यात हे जास्त होतं, त्याचंही वाईट वाटून घेऊ नका. थंडीत जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचा थर कुकरच्या झाकणासारखा बसतो आणि खाली सोडलेलं खालीच राहतं. म्हणजे दोष निसर्गाचा. सोडणाऱ्याचा थोडाच आहे? त्यानं फक्त वेळ बरोबर निवडली.

देवघरातली चांदी बाहेर ठेवू नका. गुरुवारी चिंचेनं घासलेलं निरांजन रविवारी काळं पडलं, म्हणून मी सराफाकडे गेले. तो म्हणाला, "हवामान, बेन." चांदी गंधकाच्या वायूनं काळी पडते हे त्यालाही माहीत आणि मलाही. पण निरांजनाची साक्ष कोण धरणार?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "तुमच्याकडे पण येतोय का?" एवढंच विचारा, पुढे काही लिहू नका. वातावरण बिघडतं.

आता तक्रारीविषयी. शक्यतो करूच नका, पण हात शिवशिवत असतील तर आधी नीट तयारी करा. रात्री प्रदूषण नियंत्रण मंडळाचा फोन उचलला जात नाही, त्यामुळे फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. त्यात 'कंपनीचं नाव' हा रकाना भरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मी 'माहीत नाही' असं लिहिलं. ते त्या यंत्रणेनं नाव म्हणून बिनतक्रार स्वीकारलं, म्हणजे सध्या बडोद्यात 'माहीत नाही' नावाच्या कंपनीविरुद्ध माझी तक्रार दाखल आहे. दुसऱ्या दिवशी साडेअकराला मंडळाचे दोन साहेब आले. गॅलरीत उभे राहिले, आमचाच चहा घेतला, नाक वर करून दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "अत्यारे तो वास नथी आवती ने, बेन?" मी म्हटलं, भाऊ, वास रात्री दोनला येतो, आता कसा येईल? तर म्हणे रात्रीची ड्यूटी नसते. मग त्यांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'स्थळपाहणीच्या वेळी वास आढळून आला नाही.' वाक्य शंभर टक्के खरं! खाली माझी सही हवी होती. शिवाय जाता जाता सल्ला मिळाला, की पुढच्या वेळी वाऱ्याची दिशा लिहून ठेवा आणि जमल्यास नमुना घ्या. हवेचा नमुना. कशात घेऊ? लोणच्याच्या बरणीत? धुराड्यांची यादी यांच्याकडे, कोण काय बनवतं आणि काय सोडतं याचे परवाने यांनी दिलेले, गाडी यांची, प्रयोगशाळा यांची. आणि कुठल्या धुराड्यातून काय निघालं हे शोधायचं कुणी, तर दम्याच्या सासूला पाठीला धरून बसलेल्या बाईनं!

त्यातूनही तुम्ही चिवट असाल तर हवेचं यंत्र बघायला जा. ते 'समाधानकारक' म्हणेल. खोटं नाही बोलत ते. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकं आहेत: धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, अमोनिया, बेंझीन, शिसं वगैरे. सडक्या अंड्यांचा वास ज्याचा असतो, तो हायड्रोजन सल्फाइड त्या यादीत नाहीच. तेव्हा तुम्ही गुदमरत असाल, तर यादीबाहेर गुदमरताय हे लक्षात घ्या.

कारखान्याच्या फाटकावरचा फलकही जरूर वाचा. सुप्रीम कोर्टानं २००३ मध्ये बजावलं होतं, की घातक कचरा आणि उत्सर्जनाची माहिती लोकांना दिसेल अशी बाहेर लावा. मी एका फाटकावर पाहिलेला फलक फार देखणा होता. सगळे आकडे ऑइल पेंटनं रंगवलेले. वारा बदलो, पाळी बदलो, माल बदलो, आकडा ढळत नाही.

शंका आलीच तर ऑडिट रिपोर्ट आहेत. गुजरात हायकोर्टानं १९९६ मध्ये कारखान्यांना बाहेरच्या तपासनिसाकडून पर्यावरण ऑडिट करून घ्यायला लावलं. उत्तम कल्पना. फक्त तपासनीस निवडायचा कारखान्यानं आणि त्याचं बिलही द्यायचं कारखान्यानं. मग अर्थतज्ज्ञांनी अहमदाबाद-सुरतेकडच्या कारखान्यांवर प्रयोग करून पाहिला, २०१३ मध्ये तो प्रसिद्धही झाला. धुराड्यातल्या धुळीची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम, आणि नेहमीच्या तपासनिसांचे आकडे जमलेले बरोबर १५० च्या जरा खाली. आपल्या मुलांना बोर्डात असे मार्क पाडता येत नाहीत. प्रयोगात तपासनीस चिठ्ठी काढून नेमले, त्यांचे पैसे सामायिक निधीतून दिले, आणि त्यांनी लिहिलेलं परत जाऊन पडताळलं. तर हे लोक खरं लिहायला लागले आणि कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं. म्हणजे कसं करायचं हे माहीत आहे. आपल्याच राज्यात करून पाहिलेलं आहे! सुरतेत २०१९ पासून कारखान्यांना धूळ सोडायच्या परवान्यांची आपसांत खरेदी-विक्री करायला लावली, धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवली, तिथंही धूळ घटली आणि कारखाने काही बंद पडले नाहीत. सुरत कुठे चंद्रावर आहे का? सयाजीनगरी एक्स्प्रेसच्या डब्यात बसल्यासारखं कौतुक करत आपण मागे बघत राहायचं, "आमच्या महाराजांच्या वेळी" म्हणायचं, आणि आत्ता नाकाला रुमाल.

पाण्याची काळजी करू नका. कारखान्यांचं सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या चॅनेलनं जंबुसर तालुक्यातल्या सारोदपर्यंत जातं, मही नदीच्या मुखाशी. आपल्याला दिसत नाही म्हणजे प्रश्न सुटला. सारोदच्या मच्छीमारांनी त्यांचं बघावं.

विश्वामित्री नदीतल्या मगरींकडून शिका. शहराची गटारं अंगावर घेतात, पण फॉर्म भरत नाहीत.

आणि "रोजगार जाईल" हे वाक्य पाठ करून ठेवा. कुठंही चालतं. हे वाक्य मला ऐकवणारे काका स्वतः निवृत्त केमिस्ट आहेत. त्यांना मी विचारलं, "काका, स्क्रबर बंद ठेवला तर नोकऱ्या वाढतात का?" काका हसले आणि म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं." न कळायला काय आहे? स्क्रबरमध्ये कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून तो सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू नेला की तिथंच धरला जातो, त्याचं सोडियम हायड्रोसल्फाइड होतं, आणि ते चामड्याच्या धंद्यात विकलंही जातं. कॉस्टिक लागतं, पंपाला वीज लागते. ती रात्री वाचवली की महिन्याच्या हिशेबात दिसते. सासूबाईंच्या पंपाचं बिल त्या हिशेबात नाही, ते आमच्या वाणसामानाच्या वहीत आहे.

झाली थट्टा. आता सरळ बोलते. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की ज्या कारखान्यात स्वतःचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प चालू नाही त्याची वीज तोडा. तो निकाल मिळवला आपल्याच गावच्या पर्यावरण सुरक्षा समितीनं, २०१२ मध्ये अर्ज करून, पाच वर्षं झगडून. त्या माणसांबरोबर आपल्यापैकी किती जण उभे राहिले? गणपतीच्या मांडवाला वर्गणी देताना आपण पावती मागतो, इथे कुणाला जाब विचारायची आपली छाती नाही. दांडिया बाजारापासून सुभानपुऱ्यापर्यंत निम्म्या मराठी घरांत कुणी ना कुणी प्लँटमध्ये आहे: शिफ्ट इनचार्ज, केमिस्ट, सेफ्टी ऑफिसर. रात्रपाळीला काय बंद असतं आणि काय सोडलं जातं हे त्यांना माहीत असतं. सकाळी घरी येऊन "आज फार वास होता नाही?" असं बायकोला विचारू नका हो. लाज वाटू द्या. लॉगबुकात खरं लिहा, निदान तेवढं तरी.

आणि साहेब, तुम्ही. धुराड्यांवर यंत्रं बसवायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं १७ अतिप्रदूषक प्रकारच्या उद्योगांना २०१४ मध्येच सांगितलं. त्यातले आकडे दर तासाला, साध्या भाषेत, लोकांना दिसू द्या. हायड्रोजन सल्फाइड मोजणारं यंत्र गाडीत टाका आणि थंडीच्या रात्री बारा ते चार वसाहतींतून फिरवा. ड्यूटी नसेल तर ड्यूटी लावा. कंपनीचं नाव शोधायचा पगार तुम्हाला मिळतो, मला नाही. त्या कागदावर मी सही केलेली नाही आणि करणारही नाही.